दुकान बंद पडले, बाटली बिघडलेली निघाली. दाद कुणाकडे मागायची?

तेलंगणात मद्यविक्रीच्या दुकानाचे आयुष्य ठरलेले असते. किरकोळ विक्रीचा ए-४ परवाना दोन वर्षांचा. राज्यभरात अशी २,६२० दुकाने, आणि ती सोडतीने दिली जातात. मागच्या परवान्यांची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ रोजी संपली आणि १ डिसेंबरपासून नवे परवानेदार बसले. या सोडतीत नुसत्या अर्जाचे ३ लाख रुपये, तेही परत न मिळणारे. त्यावर वर्षाचे परवाना शुल्क वेगळे. एवढे पैसे ओतून बसलेला दुकानदार धंदा न चालल्यास मुदतीआधीच डबघाईला येतो. मुदत पूर्ण केली तरी पुढच्या सोडतीत त्याचे नाव निघेलच असे नाही.

याचा फटका वाइन घेणाऱ्याला सर्वात जास्त बसतो. बिअर आणलेल्या दिवशी संपते. वाइन मात्र लोक जपून ठेवतात: लग्नाच्या वाढदिवसाला, मुलगा परदेशातून येईल तेव्हा, नव्या घरात पहिल्यांदा पाहुणे जेवायला बोलवू तेव्हा. हैदराबादेत विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेच्या आसपास, जामबाग-कोठी-सुलतान बाजार भागात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाने दिवाळीला सहा बाटल्या घेतल्या, संक्रांतीला पहिली उघडली, तर वास कुबट. दुकानाकडे जावे तर शटर खाली किंवा वर दुसऱ्याच नावाची पाटी. नवा दुकानदार म्हणतो, ‘तो माल आमचा नाही.’ आणि त्याचे म्हणणे बहुधा खरेही असते.

अशा वेळी बहुतेक लोक बाटली मोरीत ओततात आणि विषय संपवतात. ओतू नका. दुकान बंद झाले तरी त्या बाटलीची जबाबदारी घेणारे कुणीतरी अनेकदा शिल्लक असते. ते कोण, हे वाइनमधला दोषच सांगतो. म्हणून आधी दोष ओळखायचा, मग दार ठोठवायचे.

पहिल्या दिवशी काय करावे

चव बिघडलेली वाटली की पहिले काम पुरावा सांभाळण्याचे.

१. उघडलेली बाटली रिकामी करू नका. निदान निम्मी वाइन तशीच ठेवा, तेच बूच किंवा झाकण घट्ट लावा आणि बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा. काढलेले बूच फेकू नका. काही दोषांचे मूळ बुचातच असते.

२. त्याच खरेदीतल्या बाकीच्या बाटल्या उघडू नका. ‘दुसरी तरी चांगली आहे का बघू’ म्हणत चार बाटल्या उघडल्या तर तपासणीला पाठवायला काहीच उरत नाही. तुलनेसाठी फार तर एक उघडा आणि निदान दोन सीलबंद ठेवा.

३. फोटो काढा: पुढचे लेबल, मागचे लेबल, बॅच क्रमांक, छापील किंमत, एक्साइजचे होलोग्राम लेबल असेल तर त्यावरचा क्रमांक, बाटलीच्या गळ्यातील वाइनची पातळी आणि बूच वर आले असेल तर तेही.

४. बिल शोधा. नसेल तर कार्डाचे किंवा यूपीआयचे विवरण काढा. त्यातली तारीख, रक्कम आणि दुकानाचे नाव हा खरेदीचा चांगला पुरावा ठरतो.

५. वास, रंग, चव कशी होती, कुणासमोर बाटली उघडली आणि घरात ती कुठे ठेवली होती, ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

एक बाब वेगळी. सील तुटलेले किंवा पुन्हा चिकटवल्यासारखे दिसले, लेबलवरची छपाई संशयास्पद वाटली, किंवा स्पिरिटसारखा जळजळीत वास आला तर चव घेऊन बघू नका. कुणी ती प्यायले असेल आणि काही तासांनी डोळ्यांपुढे अंधारी, धूसर दिसणे, उलट्या किंवा धाप असा त्रास सुरू झाला, तर १०८ ला फोन करून तडक रुग्णालय गाठा. मिथेनॉलची विषबाधा सुरुवातीला साध्या नशेसारखी दिसते. दृष्टीवरचा परिणाम बारा ते चोवीस तासांनीही जाणवू शकतो. ही तक्रार ग्राहक आयोगाच्या आधी पोलिसांची आणि एक्साइज खात्याची आहे.

दोष कोणता, जबाबदार कोण

*ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास.* पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा वास येतो आणि फळाचा स्वाद पार दबून जातो. याला वाइनच्या धंद्यात ‘कॉर्क्ड’ म्हणतात. २,४,६-ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल, म्हणजे टीसीए, हे संयुग बहुधा नैसर्गिक बुचातून येते. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढ्या प्रमाणातही ते नाकाला कळते. शरीराला अपाय करत नाही, पण वाइन वाया जाते. उकळूनही हा वास जात नाही, म्हणून ती स्वयंपाकातही घालू नये. हा दोष बाटली भरतानाच आत गेलेला असतो. दुकानदाराने ती कितीही जपून ठेवली असती तरी उपयोग नव्हता. जबाबदारी उत्पादकाची. स्क्रू कॅपच्या बाटलीत हा दोष क्वचितच सापडतो, त्यामुळे तिथे कुबट वास आला तर दुसरे कारण शोधा.

*साध्या वाइनला फेस किंवा बुडबुडे, सोबत गढूळपणा.* बाटलीत उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा कामाला लागले, असा याचा अर्थ. हाही उत्पादकाचा दोष. आतला दाब वाढून बाटली फुटू शकते, म्हणून अशा बाटल्या लगेच थंड जागी हलवा आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

*नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा किंवा शिरक्याचा वास.* इथिल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटिक आम्ल वाढले की असे होते. बाटली पूर्ण भरलेली आणि बूच घट्ट असेल तर संशय वायनरीवर. बूच सैल होऊन वाइन झिरपलेली असेल तर साठवणुकीवर.

*गोठ्याचा, घोड्याच्या पागेचा वास.* ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचे काम. किंचित असेल तर काही शौकिनांना आवडतो. वाइन झाकोळून टाकण्याइतका असेल तर दोष, आणि तो वायनरीतला.

*रंग तपकिरी, चव बसकी, वास शिळ्या सफरचंदाचा.* हवा लागून वाइन ऑक्सिडाइझ झाली आहे. बूच कोरडे पडणे, बाटली वर्षानुवर्षे उभी राहणे किंवा वाइन मुळातच फार जुनी असणे ही कारणे. इथे वर्ष बघा. भारतात बनणाऱ्या बहुतेक पांढऱ्या आणि रोझे वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच असतात. दहा टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयांवर ‘या तारखेपूर्वी वापरा’ असे छापण्याची सक्ती नाही, म्हणून बाटलीवरचे द्राक्षाचे किंवा भरण्याचे वर्ष हाच आधार.

*शिजवलेल्या जॅमसारखा किंवा काकवीसारखा स्वाद, बूच वर उचललेले, गळ्याशी चिकट ओघळ.* ही उन्हाने शिजलेली वाइन. हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. बंद शटरच्या आत त्याहून जास्त. दुकान डबघाईला आले की मालक आधी विजेचे बिल वाचवायला बघतो, आणि एसी बंद झाला की वाइनच्या फळीवरचा माल गुपचूप बिघडायला लागतो. दोष साठवणुकीचा, म्हणजे विक्रेत्याचा किंवा मधल्या गोदामाचा. मात्र समोरचा पक्ष तुम्हालाही विचारणार: तुमच्या घरात बाटली कुठे होती? स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावर ठेवली असेल तर तुमची बाजू लंगडी पडते.

यातून व्यवहारी निष्कर्ष असा निघतो. टीसीए, पुन्हा आंबणे, ब्रेटॅनोमायसिस या दोषांसाठी दुकान उघडे असो की बंद, तुमचा खरा प्रतिपक्ष जिवंत आहे आणि त्याचा पत्ता लेबलवर छापलेला आहे. उष्णतेच्या दोषासाठी मात्र प्रतिपक्ष दुकानदार, आणि तोच हाती लागत नाही. तिथे बँकेचा मार्ग आधी धरावा लागतो.

हे दोष नव्हेत

तक्रार करण्याआधी पुढील गोष्टी वगळा, नाहीतर तुमच्या खऱ्या तक्रारीलाही कुणी किंमत देणार नाही. बुचाला किंवा तळाला चिकटलेले काचेसारखे बारीक स्फटिक हे टार्टारिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी. जुन्या तांबड्या वाइनमधला गाळ नैसर्गिक. स्क्रू कॅप उघडताच येणारा काडेपेटीसारखा किंवा किंचित सडक्या अंड्यासारखा वास अनेकदा पेल्यात दहा-पंधरा मिनिटे हवा लागली की उडतो. त्यानंतरही तसाच राहिला तरच दोष म्हणा. बुचाच्या कडेला वरून बुरशी असेल आणि आतली वाइन चांगली असेल तर पुसून प्यायला हरकत नाही. आणि वाइन आंबट लागली, तुरट लागली, आवडली नाही, याची भरपाई कुणीच देत नाही.

दुकान नक्की कशाने बंद झाले?

‘बंद पडले’ या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा मार्ग निराळा.

परवाना संपला आणि नवा मिळाला नाही: दुकान गेले तरी परवानेदार माणूस आहे. त्याचे नाव जुन्या बिलावर किंवा पाटीवर असते. व्यवसाय एकट्याच्या मालकीचा असेल तर दुकान आणि मालक कायद्याने वेगळे नाहीत. शटर पाडल्याने त्याचे देणे संपत नाही.

भागीदारी पेढी: भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. एक सापडला तरी पुरे.

खासगी कंपनी, धंदा बंद पण दिवाळखोरी नाही: कंपनी कागदोपत्री जिवंत असते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नावावरून नोंदणीकृत पत्ता मिळतो. नोटीस त्या पत्त्यावर पाठवायची.

कंपनी दिवाळखोरीत: नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ प्रमाणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतले की कलम १४ खाली स्थगिती लागते. त्या काळात कंपनीविरुद्ध नवी तक्रार चालवता येत नाही. न्यायाधिकरणाने नेमलेला व्यावसायिक वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळावर जाहीर नोटीस देऊन दावे मागवतो. ग्राहक हा ना बँक, ना माल पुरवणारा. त्याच्यासारख्या इतर धनकोंसाठी फॉर्म ‘एफ’ असतो. नोटिशीतल्या तारखेच्या आत बिलाच्या प्रतीसह तो भरावा. खर्च नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनी मोडीत निघाली तर कलम ५३ च्या क्रमवारीत प्रक्रियेचा खर्च, कामगार, तारण घेतलेल्या बँका, सरकारी देणी हे सगळे ग्राहकाच्या आधी. फॉर्म भरा, पण त्या पैशांवर काही बेत आखू नका.

अजून एक व्यवहारातली अडचण. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे इतर दुकानांसारखे जीएसटी क्रमांकावरून मालक शोधायला गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. परवानेदाराची माहिती एक्साइज खात्याकडे असते. खात्याचे मुख्य कार्यालय नामपल्लीच्या अबकारी भवनात आहे, जामबागेपासून फार दूर नाही.

पायऱ्या: कुठून सुरुवात करावी

*पहिली पायरी, उत्पादक किंवा आयातदार.* लेबलवर उत्पादकाचे नाव, पत्ता, बॅच आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. परदेशी वाइनवर आयातदाराचे लेबल असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘व्यापारी’ या संज्ञेत विक्रेत्याबरोबर उत्पादकही येतो. म्हणजे मधला दुकानदार नाहीसा झाला म्हणून उत्पादक हात झटकू शकत नाही. हैदराबादेत मिळणारी बरीच देशी वाइन नाशिक, सोलापूर जिल्ह्यातले अकलूज किंवा बंगळूरजवळचे नंदी हिल्स इथून येते. या कंपन्यांना नाव प्यारे असते. फोटो आणि बॅच क्रमांकासह नेमकी तक्रार गेली तर एखादी बाटली बदलून देणे त्यांना वाद घालण्यापेक्षा स्वस्त पडते. बॅचच बिघडलेली असेल तर ती माहिती त्यांनाही हवी असते.

*दुसरी पायरी, बँक.* क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागा: माल सदोष निघाला आणि विक्रेता बंद पडला. बँक ती रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडे मागते, आणि विक्रेता पसार झाला असेल तर भुर्दंड त्या बँकेवर पडू शकतो. म्हणूनच बुडालेल्या दुकानाच्या बाबतीत हा मार्ग कोर्टापेक्षा जास्त कामाचा. याला मुदत असते आणि ती महिन्यांत मोजतात. दोष कळला त्याच आठवड्यात अर्ज द्या. दुकानाशी संपर्क करायचा प्रयत्न केल्याचा पुरावा बँक मागते, म्हणून बंद शटरचा तारखेसह फोटो आणि परत आलेले टपाल जपून ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. रोखीने घेतले असेल तर हा मार्ग बंद.

*तिसरी पायरी, १९१५.* राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा क्रमांक. इथे निकाल लागत नाही. तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि समेटाचा प्रयत्न होतो. पण नोंद झाल्याचा क्रमांक मिळतो, तो पुढे उपयोगी पडतो.

*चौथी पायरी, जिल्हा ग्राहक आयोग.* हैदराबादेत असे तीन आयोग आहेत. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या ठिकाणी करता येते. वायनरी नाशिकची असली तरी नाशिकला जावे लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही.

आयोगापुढे दोन प्रश्न येतील. पहिला, दोष कसा सिद्ध करणार? बाटलीत माशी किंवा काचेचा तुकडा असेल तर तो डोळ्यांनी दिसतो. चवीचा दोष मात्र तपासणीशिवाय ठरत नाही. अशा वेळी कलम ३८ प्रमाणे आयोग तुमच्याकडून नमुना घेऊन सील करतो, प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. फी आधी तुम्हाला भरावी लागते. सीलबंद बाटल्या राखून ठेवायला सांगितले ते यासाठीच. अन्नसुरक्षा कायद्यातही खासगी ग्राहकाला अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेण्याची सोय आहे. पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. म्हणजे दुकान बंद झाल्यावर ती हाती लागत नाही.

दुसरा प्रश्न, मागायचे काय? वाइन बिघडली एवढेच असेल तर ‘सदोष माल’ म्हणून किंमत परत किंवा बदली बाटली, आणि तक्रारीचा वाजवी खर्च. २०१९ च्या कायद्यातले ‘उत्पादन दायित्व’ हे प्रकरण त्याहून मोठे, पण त्यात वस्तूचे स्वतःचे नुकसान धरत नाहीत. वस्तूमुळे आजार, इजा किंवा दुसऱ्या मालमत्तेची हानी झाली तरच ते लागू होते. फुटलेल्या बाटलीच्या काचेने हात कापला तर ते लागू. संक्रांतीचे जेवण बेचव झाले तर नाही.

एका बाटलीसाठी आयोगात जाणे कुणालाच परवडत नाही, हे उघड आहे. सहाशे-आठशेच्या वाइनसाठी पहिल्या तीन पायऱ्यांवर थांबा. पेटीभर माल, महागडी आयात बाटली किंवा समारंभासाठी केलेली मोठी खरेदी असेल तर चौथी पायरी चढा. हॉटेल किंवा केटरिंगच्या धंद्यासाठी घेतलेल्या मालावर मात्र हे लागू नाही. पुनर्विक्रीसाठी घेणारा कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नसतो.

पत्राचा मसुदा

महाराष्ट्रातल्या वायनरीला हे पत्र मराठीत चालेल. आयोगासाठी हाच मजकूर इंग्रजीत द्यावा.

‘मी दिनांक … रोजी हैदराबाद येथील … या दुकानातून आपल्या कंपनीच्या … (वर्ष …, बॅच क्र. …) या वाइनच्या … बाटल्या रु. … देऊन घेतल्या. बिलाची / बँक विवरणाची प्रत जोडली आहे. दिनांक … रोजी त्यांपैकी एक बाटली उघडली असता वाइनमध्ये … असा दोष आढळला. उघडलेली बाटली, तिचे बूच आणि उरलेल्या … सीलबंद बाटल्या माझ्याकडे सुरक्षित आहेत. आपण सांगाल तेव्हा त्या पाहता येतील. बाटल्या घरात … येथे ठेवल्या होत्या. सदर दुकान दिनांक … पासून बंद आहे. वरील दोष बाटली भरण्यापूर्वीचा असल्याचे माझे मत आहे. कृपया १५ दिवसांत किंमत परत करावी किंवा बदली बाटल्या द्याव्यात. अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.’

पत्रात रागाचे शब्द नकोत, चवीचे काव्यमय वर्णनही नको. बॅच क्रमांक आणि तारीख या दोनच गोष्टी समोरच्याला कामाला लावतात. स्पीड पोस्टाने किंवा ई-मेलने पाठवा. फोनवरचे आश्वासन सिद्ध करणे अवघड जाते.

उत्पादकच बुडाला तर

तेही आपल्याकडे घडले आहे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात उभारलेली शॅम्पेन इंडेज ही भारतीय वाइनची एके काळची मोठी कंपनी. तिची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन परदेशात विकली जाई. पुढे इंडेज व्हिंटनर्स झालेली ही कंपनी विस्ताराच्या कर्जात रुतली, २००८ च्या जागतिक मंदीने तिचा दम निघाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनी मोडीत काढण्यापर्यंत गेले. द्राक्ष बागायतदारांची बिले थकली. ज्यांनी द्राक्षे दिली त्यांनाच पैसे मिळेनात, तिथे एका बिघडलेल्या बाटलीचे पैसे मागणाऱ्याचा नंबर कधी लागणार?

अशा वेळी उलटा विचार करायचा. उत्पादक नाही, पण दुकान चालू आहे, तर दावा दुकानावर. बाटली ज्याने विकली त्याच्याशीच तुमचा खरेदीचा करार झालेला असतो. वाइनमुळे आजार किंवा इजा झाली असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे, उत्पादक कोण ते कळत नसेल किंवा त्याला नोटीस पोहोचवता येत नसेल, तेव्हा विक्रेता जबाबदार ठरतो. दोघेही बुडाले असतील तर बँकेचा चार्जबॅक हा एकच मार्ग उरतो.

नातेवाईक ब्रिटनमध्ये असतील तर

तिथे असे प्रसंग मोठ्या साखळी दुकानांच्या बाबतीतही आले आहेत. थ्रेशर्स चालवणारी फर्स्ट क्वेंच कंपनी २००९ मध्ये आणि ऑडबिन्स २०११ मध्ये प्रशासकाच्या हाती गेली. तिथल्या ग्राहक हक्क कायदा, २०१५ मध्ये सदोष माल ३० दिवसांत नाकारून पैसे परत मागता येतात. दुकान बुडाले असेल तर ग्राहक पत कायदा, १९७४ मधले कलम ७५ कामी येते: वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल आणि पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील तर कार्ड देणारी बँक दुकानाइतकीच जबाबदार. आपल्याकडे कार्डाच्या बाबतीत असा वैधानिक हक्क नाही. चार्जबॅक हा कार्ड जाळ्याच्या नियमांवर चालतो. म्हणून तिथला सल्ला इथे जसाच्या तसा वापरू नका.

बंद होऊ घातलेल्या दुकानातून घेताना

परवान्याची मुदत संपत आली की उरलेला माल काढण्याची घाई सुरू होते. त्या दिवसांत वाइन घ्यायची असेल तर काही पथ्ये पाळा.

बाटली उभी की आडवी, उन्हात की सावलीत ठेवली आहे ते बघा. गळ्यातली पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली, बूच वर आलेले किंवा गळ्याशी ओघळ असेल तर घेऊ नका. पांढरी वाइन दोन-तीन वर्षे जुनी आणि पारदर्शक काचेत असेल, तर स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. आधी एकच बाटली घ्या, त्याच संध्याकाळी उघडा. चांगली निघाली तर दुसऱ्या दिवशी त्याच बॅचच्या बाकीच्या आणा. पैसे कार्डाने द्या आणि छापील बिल मागून घ्या. तेलंगणात घरी किती मद्य ठेवता येते याला मर्यादा आहे. पेटीच्या पेटी उचलण्याआधी ती विचारून घ्या.

‘बंद पडलेल्या दुकानाचा माल आहे, घरपोच देतो’ असे कुणी म्हणाले तर नाही म्हणा. परवाना संपलेल्या दुकानाचा साठा एक्साइजच्या देखरेखीखालीच हलवता येतो. परस्पर विकणारा बेकायदा काम करतो आणि घेणाराही अडचणीत येतो. सुट्टीत गोव्याहून किंवा नाशिकहून येताना गाडीत भरलेल्या बाटल्यांचेही तेच. दुसऱ्या राज्यात कर भरलेले मद्य तेलंगणात कर न भरलेलेच धरतात आणि खाते ते जप्त करते. अशी बाटली बिघडलेली निघाली तर तक्रार करायला गेलेल्यालाच आधी उत्तर द्यावे लागेल.

घरी आणल्यावर वाइन सर्वात थंड, अंधाऱ्या आणि स्थिर जागी ठेवा. हैदराबादच्या उन्हाळ्यात बहुतेक घरांत अशी जागा फ्रिजमध्येच असते. बूच असलेली बाटली आडवी, स्क्रू कॅपची कशीही. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण गरमीत छापील बिलावरची अक्षरे पुसट होतात. आणि मार्चपूर्वी घेतलेली वाइन शक्य तर मेअखेरपर्यंत राखू नका. खास प्रसंगासाठी हवी असेल तर प्रसंगाच्या आठवड्यात घ्या, म्हणजे दोष निघालाच तर दुकान अजून उघडे असेल.